न मिटलेला ठेका

४ ऑगस्ट

आले एकदाची! दोन बॅगा, एक गुंडाळलेली गादी आणि आईने जबरदस्तीने गळ्यात मारलेली उशी, एवढा संसार दुसऱ्या मजल्यावर चढवताना जीव मेटाकुटीला आला. वसतिगृहात लिफ्ट नाही. नाचणाऱ्यांना लिफ्ट कशाला हवी, असं दारावरच्या काकांनी वर ऐकवलं. खोली मात्र झकास आहे. दोन पलंग, दोन टेबलं, आणि खिडकीतून समोरच नृत्याचा लांबलचक हॉल दिसतो. माझ्याबरोबर राहणारी मुलगी बासरी शिकते आणि स्वतःही तशीच उंच, सरळ आहे, म्हणून अख्खं कॉलेज तिला बासरीच म्हणतं. चिडण्यात श्वास वाया जातो म्हणून तिने ते नाव ठेवून घेतलंय. खिडकीजवळचा पलंग तिने न भांडता मला दिला. न्हाणीघरात गाऊ नकोस, एवढीच ताकीद दिली, कारण भिंतीपलीकडे गाण्याचे सर राहतात आणि बेसूर ऐकलं की दार वाजवून सूर दुरुस्त करतात.

आज सगळ्यांशी गोड बोलले. कोणी ओळखलं नाही. ताई आईच्या वळणावर होती, मी बाबांच्या, त्याचा असा उपयोग होईल हे बाबांच्याही ध्यानीमनी नसेल. चार वर्षांपूर्वी माझी ताई याच हॉलमध्ये नाचता नाचता कोसळली आणि पाचव्या दिवशी गेली. नाच शिकायला मी कुठेही गेले असते. इथे आले ते तिला नाचवणाऱ्यांना नाचवायला.

७ ऑगस्ट

तीन दिवसांत पोटऱ्यांचे दगड झालेत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथली जमीन इतकी सपाट की तीही सबब नाही.

शिकवणाऱ्या मोठ्या बाई साठीच्या आहेत. बुटक्या स्टुलावर ताठ बसतात, समोर लाकडी ठोकळा, हातात काठी. पहिला ठोका पडला की ठेका उघडला. मग पाय चालूच ठेवायचे. शिंका, रडा, घाम पुसा, पण पाय थांबता कामा नयेत. शेवटी लागोपाठ दोन ठोके पडले की ठेका मिटला. आणि ज्याने उघडला त्यानेच मिटायचा, काठी मध्ये दुसऱ्याच्या हातात गेली तरीही. काल एकीच्या नाकातून रक्त आलं, तर ती एका हाताने रुमाल धरून नाचत राहिली. जेवताना तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

बाईंच्या हाताखाली एक तरुण शिक्षिका आहे. लयीला इतकी पक्की की तिला घड्याळ म्हणतात. चार वर्षांपूर्वी ती ताईच्या वर्गाची मॉनिटर होती. मला तिने पाय नीट धुऊन पुसायला शिकवलं, बोटांमधली जागासुद्धा. फार मायेने शिकवलं, त्याचाच जास्त राग आला.

१५ ऑगस्ट

हॉल झाडणाऱ्या मावशींना दोन दिवस केर भरायला मदत केली, तेव्हा कुठे त्या बोलल्या. त्या दिवशी बाईंनी ठेका उघडला आणि कोणीतरी बडे पाहुणे आले म्हणून काठी घड्याळच्या हातात देऊन त्या ऑफिसात गेल्या. आणि विसरल्या. चक्क विसरल्या! घड्याळ वाजवत राहिली, कारण ठेका तिने उघडलेला नव्हता. एक तास दहा मिनिटं. ताईच्या पायाचं हाड आधीपासून तडकलेलं होतं, तळव्याची जखम चिघळलेली, अंगात ताप. तिच्या पावलांचे लाल ठसे सगळ्यांना दिसत होते. बाई धावत आल्या तोवर ती खिडकीजवळ पडली होती. तिला उचलून नेण्याच्या गडबडीत दोन ठोके द्यायचे राहून गेले. तो ठेका कोणी मिटलाच नाही.

मावशी म्हणाल्या, खिडकीजवळच्या फळ्या त्या आजही झाडत नाहीत. दुपारी हॉल रिकामा असला की तिथून खालून ठोके येतात. मी म्हटलं, उंदीर असतील. मावशी म्हणाल्या, उंदरांना लय नसते बाई.

३० ऑगस्ट

त्या दिवशी बाईंनी ज्या काठीने ठेका उघडला, ती सापडली. वाद्यांच्या कपाटात, फुटक्या ढोलांच्या मागे, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवी घेतली होती म्हणे. काठी माझ्या गादीखाली आहे. बासरीला सांगितलं, पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी ठेवायला सांगितलीय. भोळी आहे, पटलं तिला.

९ सप्टेंबर

घड्याळला वार्षिक कार्यक्रमात एकटीने नाचायचंय. सरावाला ठेका धर म्हणून तिने मलाच बोलावलं. हाताला चांगला तोल आहे म्हणे तुझ्या.

दुपारी दोनला गेलो, हॉलमध्ये आम्ही दोघीच. मी जुनी काठी नेली. तिला तासभर पळवायची, पाय सुजवायचे, एवढंच मनात होतं. पहिला ठोका दिला तशी ती झोकात उभी राहिली. वीस मिनिटांनी तिने थांबव अशी खूण केली. मी दुसरीकडे बघितलं. चाळिसाव्या मिनिटाला ती रडायला लागली आणि मला, खरं सांगायचं तर, पुरे वाटलं. दोन ठोके दिले.

ती थांबली नाही.

पुन्हा दिले. नाही. काठी खाली ठेवली. ठोके चालूच होते. खिडकीजवळच्या फळ्यांखालून येत होते, स्पष्ट, लयीत. तेव्हा समजलं. हा ठेका मी उघडलेलाच नव्हता, तो चार वर्षं उघडाच होता. घड्याळ माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती आणि कोणाची तरी माफी मागत होती. पायाचं हाड मोडल्याचा आवाज आला तरी ती त्याच पायावर आणखी दोन आवर्तनं नाचली, मग पडली. पडल्यावर ठोके थांबले.

मी घाबरले. पण त्याहून जास्त आनंद झाला. माझी ताई इथेच आहे आणि तिला न्याय हवाय. दोघी बहिणी मिळून काय काय करू शकतो!

१२ सप्टेंबर

घड्याळचा पाय वाचेल पण नाच गेला. शुद्धीवर आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. दार लावलं, माझा चेहरा निरखला आणि विचारलं, की तू तिची धाकटी का. मी हो म्हटलं. वाटलं होतं दरडावतील, काढून टाकतील. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, मी रोज सकाळी नव्या काठीने त्या फळ्यांवर दोन ठोके देते, पण तिला ते चालत नाहीत. ठेका ज्या काठीने उघडला तिला हात लावायचं धाडस चार वर्षं झालं नाही, आता ती कपाटात मिळत नाही, तुझ्याकडे असेल तर दे. दोनच ठोके. मी उघडलाय, मीच मिटू शकते. नाहीतर ती कोणालाच सोडणार नाही, पोरी, तुलाही नाही.

मला हसू आलं. म्हटलं, माझी बहीण मला का धरेल? आधी तुम्ही नाचा, मग बघू.

१९ सप्टेंबर

आज. भर वर्गात, सकाळी अकरा वाजता.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. ठेका उघडायला काठी उचलली आणि तशाच उठल्या. पाय चालायला लागले. मुलींना वाटलं बाई काहीतरी दाखवतायत, टाळ्या पण वाजल्या. मी पिशवीतून जुनी काठी काढली. त्यांना दिसावी म्हणून काढली. त्यांनी हात पुढे केला. हातभर अंतर होतं फक्त. प्रत्येक फेरीत त्या माझ्यासमोर यायच्या, हात पुढे करायच्या, मी अर्धं पाऊल मागे सरायचे. दोन जणींनी त्यांना धरायला बघितलं तर त्या दोघी फेकल्या गेल्या. पस्तीस मिनिटं. शेवटच्या फेरीत त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. छातीवर हात ठेवला आणि कोसळल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ताई, झालं गं तुझं. सूड पुरा झाला. मी आज पोटभर जेवले.

२३ सप्टेंबर

कॉलेज आठवडाभर बंद. मुली घरी चालल्यात. बासरी थांबलीय माझ्यासाठी, मला सोबत म्हणून. मला कशाला सोबत हवी?

जेवणाच्या टेबलाखाली माझा अंगठा हलत होता. एक, दोन, तीन, चार. मी त्यावर दुसरा पाय ठेवला.

२६ सप्टेंबर

दोन्ही पाय. बसले की सुरू होतात. आत्ताही टेबलाखाली चालू आहेत, म्हणून अक्षर वाकडं येतंय. बासरीने विचारलं, मी म्हटलं सराव.

हॉलमध्ये गेले. जुन्या काठीने फळ्यांवर दोन ठोके दिले. शंभरदा दिले. खालून उत्तर आलं, आपल्याच लयीत. मी मिटू शकत नाही. मिटू शकणारी एकच होती, तिला मी हातभर अंतरावर —

२८ सप्टेंबर

झोपेत पलंगावरून उतरले आणि नाचत होते म्हणे. बासरीने चादरीने पाय बांधले. चादर फाटली.

खाई त्याला खवखवे. लिहूनच टाकते. कोणालाच सांगितलेलं नाही.

पडण्याच्या आदल्या दिवशी ताईने घरी फोन केला होता. मी उचलला. ती रडत होती, पाय सुजलाय, ताप आहे, आईला विचार मी घरी येऊ का. मी सोळा वर्षांची होते. घरात सदानकदा ताईचा नाच, ताईचं कौतुक, माझ्याकडे कोणी बघायचं नाही. फोनवर हात ठेवून मी दहा आकडे मोजले. मग सांगितलं की आई म्हणते, नाटकं करू नकोस, नाच.

मी आईला विचारलंच नव्हतं.

१ ऑक्टोबर

नखं गेली. तळवे — नको.

बासरीने आईला कळवलंय. येतेय.

ताई, मला धर. माझं चुकलंच. मी नाचेन. तक्रार नाही.

२ ऑक्टोबर

आई आली. सकाळी दहाला. काही विचारलं नाही, जमिनीवर बसली, माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि घट्ट दाबून धरले. आणि थांबले! सहा दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. दुपारच्या गाडीने घरी जायचं. घरी गेल्यावर तिला सगळं सांगणार आहे, फोनचंही. बासरी तिकिटं काढायला गेलीय.

साडेबारा

आई खिडकीपाशी माझ्या कपड्यांच्या घड्या करतेय. तिची टाच

नाही, चालली असेल —

नाही. एकाच जागी उभी आहे. उजवी टाच. डावी. हसतेय, म्हणतेय, बघ गं माझ्या पायांना काय झालं या वयात

म्हणून माझे सोडले. ताई, म्हणून सोडलेस होय? तुला वाटतं ती म्हणाली. तुला आजवर वाटतंय आईच म्हणाली —

ताई ऐक. तू माझी रोजनिशी चोरून वाचायचीस ना, म्हणून लिहितेय, वाच. आईला माहीत नव्हतं. माझे शब्द होते. माझे. तिला सोड, मला —

थांबत नाही. वेग वाढतोय. धरायला गेले तर फेकली गेले

ओरडून सांगितलं. खिडकीतून, समोरच्या हॉलमधल्या फळ्यांना, सगळं सगळं सांगितलं. ताईने ऐकलं का माहीत नाही. आईने ऐकलं.

आता हसत नाहीये. नाचतेय आणि माझ्याकडे बघतेय. विचारतेय, त्या दिवशी मी पलीकडच्याच खोलीत होते ना गं, मग मला एक हाक का नाही