ब्रोमीनचा आकडा

प्रिय धाकट्या,

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहितेय. माझी चिवट खोड तुला ठाऊकच आहे.

सध्या प्रयोगशाळेत मी आणि बाबा एकाच कामात अडकलोय. इंधनाच्या नमुन्यात कार्बन अणूंमधले दुहेरी बंध किती, हे मोजायच्या तीन पद्धतींची तुलना करायची आहे. बंध जास्त असले की साठवलेलं इंधन चिकट होतं, म्हणून हा खटाटोप. एका पद्धतीत नमुना किती हायड्रोजन शोषतो ते बघायचं. दुसरीत नवं यंत्र आपणहून आकडा देतं. बाबा त्याला जावईबापू म्हणतात, कारण ते नुसतं बसून कौतुक करून घेतं. तिसरी बाबांची लाडकी, ब्रोमीनची. गार नमुन्यात ब्रोमीनचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. बंध शिल्लक आहेत तोवर रंग नाहीसा होतो, फिकट पिवळा टिकला की थांबायचं. यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं बाबा स्वतःच सांगतात.

हायड्रोजनचा आणि जावईबापूंचा आकडा जुळला. बाबांचा मात्र दर वेळी जास्त. ऊब किंवा उजेड मिळाला की ब्रोमीन भलतीकडेही चिकटतो आणि आकडा फुगतो, म्हणून त्यांनी बर्फ वाढवला, पडदे ओढले. आकडा आणखीच चढला. मग ते यंत्रावर उखडले, माझ्यावर उखडले. तू गेल्यापासून त्यासाठी मीच उरलेय.

परवा मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. भांड्यात पिवळा रंग आला, टिकला. बाबा वाकून बघत होते आणि थेंब सोडतच होते.

घरी येऊन विचारलं, तेव्हा कबूल झाले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्यावर उपाय नाही. फिकट रंग गेलेत, पडदे ओढलेल्या अंधुक उजेडात तर आणखीच; हळूहळू बाकीचंही जाईल. त्यांना हे कधीचं ठाऊक होतं. काल त्यांनी मला अहवाल सांगितला आणि मी रडत लिहून घेतला: पद्धत बरोबर आहे, मोजणारा बदलावा.

तुला कळवणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. कीव करायला आलेला मुलगा त्यांना नकोय. तो शब्द मी आज मोडतेय. तू हवं तर आल्या आल्या कडाकडा भांड, पण ये रे. उद्या काय दिसेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. आज अजून माणसाचा चेहरा दिसतो. तुझा त्यांनी शेवटचा पाहिलाय तो तू दार आपटून गेलास तेव्हाचा. तोच त्यांच्याजवळ कायमचा राहू नये, एवढंच मला वाटतं.

तुझीच,
ताई