जंगलाचा पडदा

बाबा, तुमचा जंगलाचा पडदा काल फोनवर दिसला.

पोरगी नागपूरहून रोज काही ना काही पाठवते. तिला वाटतं, आईचा जीव रमेल. मी इथं सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या शिवते, जेवणाच्या सुटीत बघते. कोणी कोणी शोधून आणलेलं सगळं एकाच पानावर टाकलेलं असतं. एक बाई तेलाच्या रिकाम्या पिप्यांवर सूर काढते. एक माणूस समजावतो, हातानं केलेल्या वस्तूला लोक जास्त भाव काऊन देतात. अन् एक यंत्र आहे, तोंडानं सांगितलं की चित्र काढून देतं. मी म्हटलं, नाटकासाठी जंगलाचा पडदा काढ. पापणी लवायच्या आत काढला. झाडं, हरणं, धबधबा, सगळं ठासून. मधात जागाच नाही. मी फोन उलटा ठेवला.

मधली जागा तुम्ही मला शिकवली, ती अशी. मी चौदाची. चौथीनंतर शाळा सुटली ती तुमचे रंग घोटायला अन् त्यांत घालायचा सरस शिजवायला. मंडईच्या जत्रेला दोन दिवस आहेत, नाटक मंडळाची माणसं पडदा न्यायला अंगणात बसली आहेत, तुम्ही जेवायला उठलात. मी ब्रश घेतला अन् मधात मोर काढला.

"काऊन वं, हे काय करून ठेवलं?"

"मोर."

"मोर नाटक करते का? तिथं माणूस उभा राहीन!"

माणसं हसली. एक म्हणाला, "पेंटर, पोरगी तुमच्या पोटावर पाय देते आता!" तुम्ही हिरवा घेऊन मोर झाकला. मान वर न करता म्हणालात, "तू शिवण कर. तेवढंच येते तुले."

मग मी शिवण केलं. खालच्या कोपऱ्यात तुम्ही पिवळ्या रंगात तुमचं नाव अन् गाव लिहिलं होतं. खालचा काठ दुमडून बांबू घालायचा नेफा करायचा, त्याला चार बोटं लागतात. त्या दिवशी एक वीत दुमडली गेली. नाव आत गेलं. टाका संपताच त्यांनी पडदा बांबूवर गुंडाळून बैलबंडीत टाकला.

मंडईच्या दुपारी पडदा टांगला तेव्हा तुम्ही धुतलेलं धोतर नेसून समोर उभे होतात. कोपरा बघत होतात. मग अध्यक्षाला म्हणालात, "माझं नाव कायले मिटवलं?"

"आमी कायले मिटवू? तुमीच लिवलं नसंन."

तुम्ही सगळ्यांसमोर भांडलात अन् न जेवता घरी आलात. त्या गावात परत पाय ठेवला नाही. मी तिथंच होते, हातात चिवड्याचा पुडा. नेफ्यात बघायचं तुमच्या डोक्यात आलं नाही. माझं शिवण तुम्ही कधी बघितलंच नव्हतं.

आता एक माणूस गावोगावचे जुने पडदे गोळा करून फोनवर दाखवतो. तुमच्या पडद्यापुढं थांबून म्हणाला, "मधात किती मोकळं सोडलं बघा. काढणारा कोण, माहीत नाही." खाली दोघांनी वेगवेगळं लिहिलं, हे आमच्या आजोबांचं काम. त्यानं लगेच दोघांनाही धन्यवाद म्हटलं. मी चित्र मोठं करून बघितलं. हिरव्याखालून निळं दिसत नाही, तुम्ही पक्कं झाकलं होतं. खाली दुहेरी दोऱ्याचे टाके मात्र माझेच, एकही सुटलेला नाही. रडू आलं नाही. आनंदही नाही. डबा खाल्ला अन् मशीनवर बसले.

पोरीला सांगितलं तर म्हणते, "आई, लिही ना, आमच्या आजोबांचा आहे म्हणून."

"कोण मानते वं? दोघं म्हणून राहिले आमच्या आजोबांचा."

मानायला एकच गोष्ट आहे. नेफा उसवा, नाव आत आहे. एवढं मी फोनवर लिहून ठेवलं आहे. पाठवलं तर तो विचारेल, तुम्हाला कसं माहीत. पोरगीही विचारेल. म्हणून बटण दाबलं नाही अजून. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं, अन् तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही.

वर मी लिहिलं, एक वीत दुमडली गेली. तसं नाही बाबा. मी मोजून दुमडली.