खांद्यापर्यंतची उंची

३ मार्च, सोमवार

चिमणीचा हात प्रेसखाली गेला. सकाळी पावणेअकराला. उजवा हात. चार बोटं.

लिहून काढते, नाहीतर हे डोक्यातून जाणार नाही. मी वरच्या मजल्यावर माझ्या टेबलाशी होते. किंकाळी नंतर ऐकू आली. त्याआधी मशिनं एकामागून एक बंद पडत गेली. आमच्या लॉन्ड्रीत बावीस प्रेस एकदम चालतात, त्यामुळे कामाच्या दिवशी शांतता म्हणजे काहीतरी भयंकर. जिना कसा उतरले ते आठवत नाही. चिमणी जमिनीवर बसली होती आणि दुसऱ्या हाताने चादर गोळा करत होती. चादर! डाग पडू नये म्हणून!

पण हे होऊच शकत नाही. गरम पाट खाली यायचा तर दोन बटणं एकदम दाबावी लागतात, एक डाव्या हाताने, एक उजव्या. दोन्ही हात बटणांवर असताना पाटाखाली हात येणार कुठून? तिसरा फुटला? ती बटणं मी बसवून घेतली आहेत, तीन वर्षांपूर्वी, जुना पायाचा खटका काढून. माणसाला काम सोपं आणि बिनधोक करून देणं, त्यासाठीच तर मला इथे ठेवलंय. तीन वर्षांत कुणाचं बोट साधं भाजलं नव्हतं.

नाही. होऊच शकत नाही.

४ मार्च

चिमटा सापडला. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, अर्धा तोडून उजव्या बटणाच्या फटीत ठोकलेला. म्हणजे उजवं बटण कायम दाबलेलं. डावं दाबलं की पाट खाली!

इतका राग आला की काय सांगू. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा! साहेबांनी तो चिमटा पाकिटात घालून वर तारीख टाकली. “हा काय मशीनने लावला? बाईने नियम मोडला, विषय संपला. तुम्ही पंधरा दिवसांत अहवाल द्या. बरी झाली की तिला घरी पाठवू.” मी मान डोलावली. खरंच डोलावली.

मग जिन्यात आठवलं, एक बटण अडकून राहिलं तर मशीन थांबतं का, हे बसवताना तपासायचं काम माझं होतं. तपासलं नव्हतं.

५ मार्च

दवाखान्यात गेले. दोन बोटं गेली. दोन वाचतील म्हणतात.

तिला झापायचं ठरवून गेले होते. आत गेले तर खाटेवर एवढीशी बाई, चादरीखाली आहे की नाही तेही कळेना. मला पाहून उठायला लागली. पहिला प्रश्न — “मॅडम, तुमचं मशीन नाही ना बिघडलं?”

मी तिला धरून पुन्हा उशीला टेकवलं.

शेवटी विचारलं, चिमटा का लावलास? तर म्हणाली, “खांदे भरून येतात हो. दुपारनंतर हात वर राहतच नाहीत. एक हात तरी खाली राहावा म्हणून. त्या दिवशी चादरीला चुणी पडली, हात मोकळा होता, गेला सरळ करायला.”

वर? बटणं खांद्याच्या रेषेत आहेत. वर कशी?

निघताना म्हणाली, “नोकरी राहील ना? घरात मिळवती मी एकटीच.” मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते तिलाही कळतं, मलाही.

६ मार्च

दिवसभर खाली स्टूल टाकून बसले. घड्याळ, वही, पेन्सिल. एका बाईच्या हाताखालून दिवसाला नऊशे चादरी जातात. म्हणजे नऊशे वेळा दोन्ही हात वर.

जे तीन वर्षं दिसलं नव्हतं ते दिसलं! पाच मशिनांच्या फटींजवळ लाकडाचे ओरखडे. मी यायच्या आधीच चिमटे काढून लपवले असणार. एकजण ओल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर उभी राहून काम करते. गठ्ठा सरकला तर थेट पाटावर तोंड! एकजण प्रत्येक चादरीला टाचा उचलते. मी मोजल्या, तासाला एकशे दहा वेळा. उंच आहेत त्या मजेत. शिडी म्हणतात तिला, ती तर गप्पा मारत बटणं दाबते.

मी वर बसून तक्ते काढत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

७ मार्च

पुन्हा दवाखाना. नर्सने फायलीवर चिमणीची उंची लिहिलीय — १४४.

माझ्या वहीत — १५१!

तीन वर्षांत माणूस सात सेंटीमीटर खचत नाही. घरी येऊन पहिल्यांदा टेप तपासली, पोलादी पट्टीला लावून. टेप बरोबर आहे. वही माझी, अक्षर माझं, सही माझी. खांद्यापर्यंतची उंची, हाताची लांबी, सगळं मीच मोजलेलं. अडतीस जणी, दोन दिवस. त्या आकड्यांवरून बटणं कुठे बसवायची ते ठरलं. एवढी चूक मी कशी केली? मला माप घेता येत नाही?

जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

नवरोबाला सगळं सांगितलं. तो भांडी घासत होता. ऐकून घेतलं आणि हसायला लागला! मी चिडले. तर म्हणतो, “अगं, तू मागे माझं भांडी घासणं मोजलं होतंस, आठवतंय? घड्याळ लावून, मागे उभी राहून?”

आठवतंय. ओट्यावरचं सामान मी नव्याने मांडलं होतं, आणि त्याची अकरा मिनिटं वाचली होती. कौतुकाने तेव्हाच्या ऑफिसात सांगितलं होतं मी ते.

“मी तेव्हा मुद्दाम भराभर घासत होतो. तळ घासलेच नव्हते. तू झोपल्यावर उठून पुन्हा घासले.”

पाच वर्षं! पाच वर्षं हा माणूस माझ्या अकरा मिनिटांवर गप्प बसलाय! “सांगितलं का नाहीस?” तर म्हणे, “तू इतकी खूश होतीस.”

लोकांना शहाणपण शिकवणारी मी.

१० मार्च

मावशीला गाठलं. घड्या घालणाऱ्यांत सगळ्यात जुनी, सव्वीस वर्षं झाली तिला. पोरींची पोटातली गोष्ट तिला ठाऊक असते. आधी टाळाटाळ. मग मी वही उघडून समोर ठेवली आणि म्हटलं, मावशी, यात माझी चूक कुठे झाली तेवढं सांगा, चिमणीची नोकरी त्यावर आहे.

मावशीने घडी खाली ठेवली.

“तुमची चूक नाही मॅडम. आम्ही सगळ्यांनी बुटांत चिंध्या घातल्या होत्या.”

सगळ्यांनी!

“टाचेखाली. बोळे करून. कामाच्या बुटांतच माप घेणार म्हणालात ना, आणि वरून लांब झगा, तुम्हाला काय दिसणार? बुटक्या होत्या त्यांनी तीन-तीन बोळे घातले. चिमणीला तर चालता येईना, मीच तिला धरून आणली तुमच्यापुढे.”

पण का?

“त्याआधी महिनाभर डोळे तपासले होते की नाही कंपनीने? तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं कशासाठी. सात जणी घरी गेल्या. मग तुम्ही टेप घेऊन आलात. तुम्हीही सांगितलं नाहीत. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, मॅडम.”

डोळ्यांचं मला माहीत नव्हतं. मी नवीन होते. विचारलंही नव्हतं.

बावीस मशिनं मी अशा बायकांच्या मापाने बसवली, ज्या अस्तित्वातच नाहीत!

११ मार्च

मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. आमचे सर शिकवायचे — माप कशासाठी हे सांगितलं की माणूस बदलतो, म्हणून सांगू नका. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

१३ मार्च

साहेबांकडे गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, आत गेल्यावर एकही आठवलं नाही. सरळ म्हटलं — चिमणीचा दोष नाही. बटणं चुकीच्या उंचीवर आहेत. मापं खोटी, आणि ती खोटी का आली ते माझ्यामुळे. अहवालात हेच लिहिणार, मला काढायचं तर काढा.

वाटलं आता आभाळ फाटणार. साहेबांनी चहा मागवला! म्हणाले, “प्रामाणिक माणूस दुर्मिळ झालाय. पुन्हा मापं घ्या. या वेळी खरी. मग आपण व्यवस्थित निर्णय घेऊ.” मी विचारलं, बायकांना सांगू ना, की यात कुणाची नोकरी जाणार नाही? म्हणाले, “सांगा की. त्यांच्या सुरक्षिततेसाठीच तर आहे हे.”

बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. सुटल्यासारखं वाटलं.

१४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा केलं. खुर्चीवर उभी राहून बोलले, आणि मग लाज वाटून खाली उतरले. सगळं सांगितलं. माप माणसाचं नाही, मशीनचं ठरवायचंय. बटणं खालीवर सरकणारी करायची, जिला जशी हवी तशी. जी खरी उंची देईल तिचाच खांदा वाचेल.

मग शिडी म्हणाली, “मला काय, मी बोळ्याशिवायच उंच!” आणि सगळ्या हसल्या. मावशी नाही हसली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुमचा शब्द ना? साहेबांचा नाही, तुमचा?”

मी म्हटलं, माझा.

१७ मार्च

मापं झाली. अनवाणी. एकेकीने बूट काढून भिंतीला पाठ टेकली. टेपचं टोक टाचेला लावायला मी स्वतः खाली वाकत होते, आणि प्रत्येक जण पाय मागे घ्यायची — “अहो मॅडम, तुम्ही कशाला!” एका पोरीचं माप १४६ भरलं तर ती ओशाळून म्हणाली, “मागच्या वेळी मी एकशे चोपन्न होते, तब्येत उतरली असेल.” हसून हसून पुरेवाट!

दुपारी चिमणी आली. गळ्यात हात बांधलेला, रिक्षा करून आली होती. घरून बोलावलं नव्हतं मी. म्हणाली, “माझंही घ्या. मी परत येणार आहे ना.” खांदा ११७. बटणं १२४ वर होती. तीन वर्षं, रोज नऊशे वेळा. मी तिच्यासमोर वाकूनच राहिले थोडा वेळ, वर बघवेना.

१९ मार्च

अहवाल दिला. एकवीस पानं. पहिल्याच पानावर — कामगाराचा दोष नाही.

साहेबांनी वाचला, चष्मा काढला. “उत्तम काम. फक्त एक करा. शेवटी एक यादी जोडा, बुटक्यांपासून उंचांपर्यंत, नावासकट. म्हणजे बटणं बसवणाऱ्याला सोपं जाईल.” खरं तर बटणं सरकती करायला नावं लागत नाहीत, नुसते आकडे पुरतात. पण वाटलं, हरकत काय? प्रत्येकीच्या मशीनवर तिच्या नावाने खूण करता येईल. अर्ध्या तासात यादी करून दिली. सुवाच्य अक्षरात, लाल रेघेने आखून.

२१ मार्च

चिमणीवरचा ठपका मागे घेतला! लेखी! मी फोन करून सांगितलं तर पलीकडे नुसता आवाज, हुंदका की हसू कळेना. नवरोबाने संध्याकाळी भांडी घासली. तळ दाखवून!

आज झोप लागेल.

२४ मार्च, सोमवार

फळ्यावर कागद लागलाय. ‘खालील कामगारांची उंची यंत्रास अनुरूप नसल्याचे मोजमापात आढळल्याने, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी...’ खाली अकरा नावं. बुटक्यांपासून उंचांपर्यंत. साहेबांनी नवीन टाइप करायचीही तसदी घेतली नाही, माझीच यादी, अकराव्या नावाखाली कापलेली. माझं अक्षर, माझी लाल रेघ.

साहेब फोन उचलत नाहीत. केबिनला कुलूप. मावशी माझ्या शेजारून गेली आणि थांबली नाही.

चिमणी कागदासमोर उभी होती. पहिलं नाव तिचंच. ती मागे वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मॅडम, या वेळी माप बरोबर आलं ना?”

मी हो म्हणाले.