डस्टर दुसऱ्याच्या हाती

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

"चुकायचंच असेल तर मोठ्याने चूक, म्हणजे कोणीतरी अडवेल," असं आई तुझे पाढे घेताना म्हणायची. परवा ते आठवलं. तुम्ही भौतिकशास्त्रवाले अवघड प्रश्नाशी कसे झुंजता, याच्या अभ्यासासाठी मी वर्षभर इथल्या संस्थेत कोपऱ्यात बसते आहे. ही मंडळी मला मांजर म्हणतात. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कोण कधी गप्प होतं, ते कळतं. इथे फळ्यावर एक जण लिहितो आणि डस्टर दुसऱ्याच्या हातात असतं. आपलं आपण पुसायचं नाही. त्यामुळे लिहिणारा बेधडक चुकतो.

तुझा संशोधनातला जुना जोडीदार इथे नोकरीला आल्यापासून फळ्यापाशी एकटाच उभा असतो. तू कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? लोभ जुनाच आहे, तेवढा जप.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

मांजर आडवं गेलंच म्हणायचं. जेवतो. पण थकलोय गं. आठ वर्षं दोघांनी भिंतीवर डोकं आपटलं, आता पुरे, असं म्हणून तो आमचा प्रश्न अर्धवट टाकून गेला. हल्ली ओळ पुरी व्हायच्या आत मीच ती पुसतो. फळा सकाळी कोरा, संध्याकाळीही कोरा. महिनाअखेर हा प्रश्न सोडून देतोय. पुढच्या पत्रात त्याचा विषय नको. बाकी माया आहे तशी असू दे.

तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विषय काढतेच आहे, रागाव हवं तर. तुझ्या जोडीदाराने तो प्रश्न सोडलेला नाही. त्याच्या फळ्यावर तीच एक ओळ महिनाभर आहे. ती चुकली आहे हे त्यालाही कळतं. कुठे, ते दिसत नाही. इथली पोरं हुशार, पण भिडस्त. एवढ्या मोठ्या माणसाची ओळ पुसणार कोण? त्याला "अरे गाढवा" म्हणणारं इथे कोणी नाही, असं तोच काल हसत म्हणाला. मग खडू घेऊन पुन्हा त्याच ओळीसमोर जाऊन उभा राहिला.

तुला पुसण्याची घाई, त्याला पुसवत नाही. माझ्या अख्ख्या अभ्यासाचं सार एवढंच.

माया आटू देऊ नकोस. आणि शनिवारी ये. त्याच्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती ती ओळ पुसून जा. तू नाहीच म्हणशील, माहीत आहे मला. तरी ये.

तुझी,
ताई