धानाचं पाणी

बाबूजी, आपल्या गोंदियात आता सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र झालं आहे, आणि परवा मी ते बघून आले. गुडघे दुखतात, तरी गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, घाण पाहायला कोणी एवढ्या दूर जाते का. तुमची मुलगी जाते.

तुम्ही राईस मिलमध्ये हौदांवर होता. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं, आणि मिलची चाकरी म्हणजे मुर्रीच्या रस्त्यावरच्या आपल्या मोहल्ल्यात मोठी गोष्ट. उसना तांदूळ करायला धान आधी हौदात भिजत घालायचे, मग वाफवून वाळवायचे. भिजवलेलं पाणी आंबून पिवळं होई, आणि तुम्ही बूच काढलंत की नालीतून थेट नदीत. वास असा की आमच्या वेण्यांनाही लागायचा. पण त्याला कोणी घाण म्हटलं की तुम्ही चिडायचा. आपण सकाळी पेज पिणारी माणसं. धान भिजलेलं पाणी तुमच्या लेखी अन्नच होतं. संडासाचं पाणी वेगळं, धानाचं वेगळं. सारा मोहल्ला तसंच मानायचा, म्हणून दोष तुम्हाला एकट्याला देत नाही.

तो एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. उन्हाळा आहे, नदीची धार बारीक झालेली. आई चुलीपुढे, तुम्ही पाटावर जेवायला बसलेले. नदीवर जाळं टाकणारी बाई दारात येते आणि टोपली उपडी करते. मेलेल्या मासोऱ्या, तोंडं उघडी पडलेल्या. "पाय भाऊ, तुह्या हौदाचं पाणी येऊन राह्यलं, त्यानं मेल्या. आता आमी काय खावाचं?" तुम्ही हातातला घास ठेवला नाहीत. "धानाचं पाणी होय ते, बाई. त्यानं कोणी मरते का?" ती म्हणाली, "मंग पिऊन दाखव." आणि तुम्ही उठलात. उष्ट्या हातानं मिलमध्ये जाऊन लोटाभर पाणी आणलंत आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यालात. आईनं पदर तोंडाला लावला. मला तर तुमचा इतका अभिमान वाटला की टाळ्याच वाजवणार होते. "पाय, जित्ता हावो," तुम्ही म्हणालात. बाईनं एकेक मासोरी टोपलीत परत भरली आणि म्हणाली, "तू का मासोरी होय, भाऊ?"

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला तिचं म्हणणं कळलं. आंबलेलं पाणी विषारी असतंच असं नाही, ते नदीतली हवा ओढून घेतं आणि मासे गुदमरतात. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही फावडं घेऊन नाली वळवलीत, मिलमागच्या पडीक बांधीत, धानाच्या रिकाम्या शेतात, पाणी सोडलंत. तिथं ते उभं राहील, निवेल, मग बघू, एवढाच तुमचा विचार. पण वास मालकाच्या बैठकीत शिरला. मी तुमचा डबा घेऊन आले होते, म्हणून ऐकलं. "नाली सीधी करो, नहीं तो कल से मत आना." तुम्ही म्हणालात, "मालिक, मछली मर रही है." तो म्हणाला, "तो?"

घरात आम्ही चार पोरं. तुम्ही नाली सरळ केलीत. माझ्यादेखत, डबा न उघडता. त्यानंतर तुम्ही मासे कधी खाल्ले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणायचा, काटे लागतात. मला तेव्हा तुमचा राग आला होता, पाणी प्यायला घाबरला नाही तो माणूस मालकाला का घाबरला म्हणून. आज वाटतं, लोटाभर पाणी पिणं त्या मानानं सोपं होतं.

केंद्रात पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जातं, थांबतं, निवतं, खालून त्यात हवा सोडतात. तुमच्या बांधीचंच काम, फक्त सिमेंटचं आणि कोणाच्या बैठकीपासून लांब. दाखवणारा मुलगा मोठ्या उत्साहानं सांगत होता, मी मान डोलावत होते. शेवटच्या टाकीशी तो म्हणाला, "आजी, पाणी साफ झालं का नाही हे आम्ही पिऊन नाही बघत, ह्यात मासे सोडतो." मी कठड्याला धरून वाकले. एक मासा तळाशी अगदी निपचित होता.

हे पत्र तुमच्या जुन्या लोट्यात घालून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू. एवढंच सांगायचं होतं की तो मासा हलेपर्यंत मी श्वास घेतला नाही, आणि हलला तेव्हा त्या मुलासमोर मला रडू आलं. त्याला म्हटलं, वासानं डोळे चुरचुरतात. वास मुळीच नव्हता, बाबूजी.