आडवी ठेवलेली बाटली

प्रिय दीपू,

हे पत्र खोलीत एकटा असशील तेव्हा वाच. फोनच केला असता, पण पोलादपूरच्या बूथवर मागे माणसं रांगेत उभी असतात आणि बूथवाला कान टवकारून बसतो. त्याला आपल्या घरातलं कशाला? मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, म्हशीला रेडी झाली, आणि नाक्यावरचं देशीचं दुकान आम्ही बायकांनी बंद पाडलं!

अगदी पेटी मांडून मतदान झालं रे. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर जाणार. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडवीला पडायला हवीत असा नियम, म्हणून मुंबईच्या सुनासुद्धा एसटीने बोलावून घेतल्या. म्हाताऱ्यांना खूण समजावी म्हणून तुझ्या बाबांची रिकामी बाटली घेऊन मी घरोघर फिरले. शेजारची रंगूबाई म्हणते, गो आवडी, मेल्यावर तरी गोमाजीची बाटली कामाला आली! हसून हसून पोट दुखलं. जिंकल्यावर ती बाटली मी त्यांच्या फोटोपुढे फळीवर आडवी ठेवली, घरंगळू नये म्हणून दोन्ही अंगांना नदीतले गोटे लावले, आणि म्हटलं, घ्या, निजा आता. एवढा राग माझा अजून शिल्लक आहे. पिवळेधमक होऊन गेले, पण शेवटच्या दिवशीसुद्धा पाणी नाय मागितलं, तीच मागितली.

पुढच्या रविवारी कुलूप लावून सावित्रीवर धुणं धुवायला गेले. परत येऊन बघते तर बाटली उभी. गोटे जागच्या जागी. रंगूबाई म्हणाली, मांजर असंल. अगो, मांजर बाटली पाडील, उभी करील का? मी ती परत आडवी केली तेव्हा हाताला कोमट लागली, कुणी आत्ताच मुठीतून सोडल्यासारखी. मग आठवडाभर गप्प पडून होती. रविवार आला, पुन्हा उभी. त्या दिवशी समोरच्या अंगणवाडीला सुट्टी असते म्हणून वार चुकायचा प्रश्न नाही. एका रविवारी मी हट्टाने समोरच तांदूळ निवडत बसले. एक खडा बोटाने बाजूला सारला, मान वर केली, तर उभी. आवाज नाय, हालचाल नाय. सूप हातातून सुटलं.

आता तुला एक सांगायचं राहिलंय ते सांगते. वापीला तुला पगारासाठी नव्हतं पाठवलं. तेवढा पगार महाडच्या कारखान्यातही मिळाला असता. तुला आठवतं का, बाबांचा ट्रक गोव्याहून आला की तू भाताच्या कणगीमागे लपायचास? गोव्यात म्हणे किराण्याच्या दुकानातही मिळायची, आणि ती स्वस्त. आपल्याकडे ड्राय डेला पुढचं शटर खाली नि मागचं दार उघडं. पण ट्रक सुरतेला गेला की माणूस माणसासारखा परत यायचा. तुला घारी, मला एकदा साडी. आणि कुरकुरायचे, कसला मुलूख, थेंब मिळत नाय, पकडलं तर पोलीस आत टाकतात. ते वैतागून बोलायचे आणि मी मनात त्या सरकारला हात जोडायची. तू मोठा झालास, एकदा तुझ्या तोंडाला वास आला, आणि मी ठरवलं, पोराला गुजरातेतच धाडायचा.

शिमग्याला तुझ्याबरोबर वापीला असणारा चांगू गावी आला. तू आला नाहीस. चांगू पालखीपुढे नाचून घामाघूम झालेला, पाणी प्यायला ओटीवर बसला नि फुशारकीने बोलून गेला, काकी, गुजरातेत बंद हाय, पण दमण वापीला लागूनच हाय, तिथं कायदा येगळा. रविवारी आमची सगळी पोरं जातात. मग माझं तोंड बघून त्याने जीभ चावली. दीपू, मला दमण कुठे आहे ते माहीतच नव्हतं रे. मला वाटलं, राज्याला वेस असते नि आत पोर सुखरूप असतं. मी तुला अगदी दारात नेऊन ठेवला.

तुझ्या बाबांनी जन्मभर मला एक गोष्ट धड सांगितली नाही. आता सांगतायत, असं मला वाटतं. त्यांना माझ्याइतकीच भीती वाटत असेल. कारण आज बुधवार आहे आणि बाटली सोमवारपासून उभीच आहे. मी आडवी करते, चुलीकडे वळते, परत बघते तर उभी. आता तिला हात लावायचा धीर होत नाही. रविवारवर भागत नाही ना बाळा आता? मी ओरडणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, मिळेल ती गाडी पकड आणि घरी ये. इथलं दुकान आम्ही बंद केलंय, आणि मागच्या दाराशी मी स्वतः बसेन. कधी निघतोस ते कळवू नकोस. फळीवरची बाटली आडवी दिसली की मी घावण्यांचे तांदूळ भिजत घालीन.

तुझीच,
आई