पंख्यामागची कविता

प्रिय डोरिथा,

तुझ्या आईला मातीत ठेवून आज तीन आठवडे झाले. तू आली नाहीस, मीही का म्हणून विचारलं नाही. चर्चमध्ये बाया कुजबुजल्या, "पोटची पोर, आणि डेट्रॉइटहून यायला गाडी मिळाली नाही होय?" मी माझी जांभळी टोपी सरळ केली नि म्हटलं, "आधी आपापल्या पोरांचं बघा गं." बाकी ठीक आहे. रविवारी सवयीनं दोन ताटं घेते, मग एक परत फडताळात ठेवते.

आता गावच्या वाचनालयाला तिचं नाव देताहेत. ज्या दारातून आपल्या काळ्या माणसांना आत घेत नव्हते, त्याच दारावर 'ऑर्लीन टिसडेल'! विद्यापीठातली एक मुलगी येऊन तिचा कागद न् कागद गोळा करून गेली. चर्चमधले पुठ्ठ्याचे पंखेसुद्धा नेले. पुढून ते फुकट वाटणाऱ्या दफनवाल्याची जाहिरात, मागून तुझ्या आईची कविता. पुस्तक घेण्याची ऐपत इथे कुणाची होती? पण अलाबामाच्या उकाड्यात पंखा तर प्रत्येकीच्या हातात असायचा. ती म्हणायची, "वर्डेल, पुढून मरणाची आठवण होते, तर मागून जगण्याची नको का?" मी चौथीत शाळा सोडलेली. त्या पंख्यांवर बोट फिरवत फिरवतच वाचायला शिकले. शेरीफची माणसं तिचे कागद शोधायला चर्चमध्ये घुसली, तेव्हा आम्ही बाया त्यांच्या नाकासमोर तिच्या कवितांनी वारा घेत बसलो होतो!

मतदार म्हणून नाव नोंदवायच्या रांगेत उभी राहिली, म्हणून तिला सतरा दिवस कोठडीत डांबलं, तो उन्हाळा तुला आठवत असेल. तू नऊ वर्षांची, माझ्याकडे राहायला आलेली. मी तिला चवळी आणि मक्याचा पाव घेऊन जायची. कागद आत नेऊ देत नसत, पण उकडतंय म्हणून पंखा नेऊ दिला. पेन्सिलीचा तुकडा मी अंबाड्यात खोचून नेला. तिनं मागची कोरी बाजू भरली आणि गजांतून पंखा माझ्या हाती देत म्हणाली, "हा चर्चसाठी नाही. हा माझ्या लेकीला दे."

घरी आले, तर तू पायरीवर वाट बघत बसलेली. वेणी घालायला मी तुला पुढ्यात घेतलं, आणि बोलता बोलता तू मला चुकून "आई" म्हणालीस. लगेच जीभ चावलीस. माझ्या पोटी मूल नाही, डोरिथा. उद्या देऊ म्हणून पंखा टोपीच्या डब्यात ठेवला. तो उद्या आलाच नाही.

सुटून आल्यावर तिनं विचारलं, "दिलास?" मी म्हटलं, "दिला की." मग ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली, तू काहीतरी बोलशील म्हणून. तू कशाबद्दल बोलणार? अठराव्या वर्षी बसमध्ये चढताना तू तिला म्हणालीस, "साऱ्या गावासाठी तुझ्याकडे शब्द होते, माझ्यासाठी एक नव्हता." त्यावर तिनं तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी टोपी सरळ केली. तिला त्या क्षणी सगळं कळलं. तरी पुढची पंचवीस वर्षं ती दर रविवारी माझ्याकडे जेवली, आणि त्या पंख्याबद्दल एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मावशी, ती कधी माझं नाव तरी काढायची का?" मी म्हटलं, चवळी करपतेय, ठेवते. खोटं, बाळ. चूल पेटलीसुद्धा नव्हती.

म्हणून सोबत हा पंखा पाठवते आहे. वाचनालयाला देऊ नकोस, हा त्यांचा नाही. माझ्या बोटांनी अक्षरं पुसट झालीत, उजेडात धरून वाच. पहिलीच ओळ आहे, 'आज माझ्या डोरिथाच्या वेणीत कुणाची बोटं?' तिला उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच तिनं तो माझ्या हाती दिला. रविवारी चार वाजता मी फोनपाशी बसेन. नाही वाजला, तरी बसेन.

तुझी वेणी घालणारी,
तुझीच वर्डेल मावशी